चाळीस कोंबड्या आणि पहिली पाळी

दहिवलीत सकाळी अकराच्या ठोक्याला एक माणूस पायात सेफ्टी शूज चढवतो, खाकी शर्टाची गळ्याशी असलेली गुंडी लावतो, कानावर पेन खोचतो आणि कॉम्प्युटरसमोर बसून कोंबड्या मोजायला लागतो. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. वाटू दे. विहाराच्या पायरीवर बसलेल्या कुणालाही विचारलं तर तो सांगेल की हा आमचा कमळाकर, वय वर्षं एकसष्ट, डोक्याने शाबूत आहे, आणि कालपर्यंत कोंबड्या चाळीस होत्या.

कमळाकर तेहतीस वर्षं मोहोपाड्याच्या एका रसायन कारखान्यात बॉयलरवर होता. बॉयलर म्हणजे वाफेचं भलंमोठं पातेलं. ते राखायचं म्हणजे दर तासाला उठून दाब किती, पाणी किती, धूर किती तापलाय हे बघायचं आणि लॉगबुकात लिहायचं. कमळाकरने हे काम इतक्या इमानाने केलं की लिहिल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असं त्याला वाटेनासंच झालं. स्वतःच्या लग्नात डोक्यावर फुलं पडल्या पडल्या त्याने खिशातली डायरी काढली होती. ‘११:४०. लग्न लागलं. गर्दी बरी. सर्व ठीक.’ मुलगी झाली तेव्हा, ‘०४:१०. मुलगी. २.९ किलो. सर्व ठीक.’ त्याची बायको विठाबाई अजून सांगते, “मला कळा येत होत्या त्याचीबी रीडिंगं घेतली या मानसानं. आदी तासाला, मग अर्ध्या तासाला, मग दर पाच मिंटाला. नर्स म्हनली, याला भायेर काढा.”

तर असा हा माणूस. आणि अशा माणसाला मुलगी झाली ती अगदी त्याच्याच मुशीतली. तिचं नाव अपेक्षा.

अपेक्षा रसायनशास्त्र शिकली. तिला आपल्याच कारखान्याच्या लॅबमध्ये चिकटवावी म्हणून कमळाकर सहा महिने मॅनेजरच्या दाराशी उभा राहिला. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणापुढे मान वाकवली नव्हती तो रोज पाळी संपली की जाऊन “साहेब, जरा बघा” म्हणायचा. अखेर नोकरी लागली. अपेक्षाने ती नऊ दिवस केली. दहाव्या दिवशी राजीनामा देऊन ती पुण्याला कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीत निघून गेली. कमळाकरचं मस्तक फिरलं. “या घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाय,” तो म्हणाला. रागात माणूस काय वाटेल ते बोलतो, ऐकणाऱ्याने थोडं इकडेतिकडे करून घ्यायचं असतं. पण अपेक्षा कुणाची मुलगी! तिने ते वाक्य नियमासारखं पाळलं.

दोन वर्षं झाली. ती दर दोनेक महिन्यांनी रविवारी यायची आणि उंबऱ्याबाहेर पायरीवर बसायची. चहा तिथे, जेवण तिथे, ताट हातात. विठाबाई उंबऱ्यावर बसायची, एक पाय आत, एक बाहेर. कमळाकर आत चार फुटांवर खुर्चीत. बाप मुलीशी बोलत नसे, मुलगी बापाशी बोलत नसे, आणि मधोमध बसलेल्या विठाबाईने पहिल्याच महिन्यात दोघांनाही ऐकवलं होतं, “मी पोस्टमन नाय. याचा निरोप तिला नि तिचा याला, असला धंदा मी करनार नाय. कसा हाय, कशी हाय, ते ज्याचं त्यानं इचारावं. तोंडं हायेत की दोगांना.” मायलेकी रोज संध्याकाळी फोनवर बोलत, पण विठाबाईच्या तोंडून एका बाजूचं अक्षर दुसरीकडे गेलं नाही. एकाच भट्टीतल्या दोन विटा, असं ती दोघांना म्हणायची, आणि भट्टी कोण ते सांगायची नाही.

मग कमळाकर निवृत्त झाला. घरी बसून काय करायचं? अपेक्षाचा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात धूळ खात होता. पोरीला बिघडवलं ते नक्की कशाने, याची चौकशी करावी म्हणून त्याने वही-पेन घेऊन तो चालू केला. चौकशीच होती ती. वहीवर तसं शीर्षकही होतं.

आत एक गेम होता. राजे, किल्ले, उडते अजगर, असा एक परमुलूख, आणि त्यात आपला एक माणूस फिरवायचा, त्याला शहाणा करायचा, लढवायचा. हे झालं मूळचं. पण अशा खेळात लोक आपापल्या पदरच्या गोष्टी घुसवतात, त्यांना मॉड म्हणतात. आणि अपेक्षाने मॉड घुसवून घुसवून त्या मुलखाची पार रया घालवली होती. बर्फाच्या जागी भाताची खाचरं होती. नदीत एक मगर होती, ती बोलायची, आणि तिला सगळ्यांची खुशाली हवी असायची. देशातल्या कोंबड्या नायकाच्या मागून चालायच्या आणि प्रत्येक कोंबडीला नाव होतं. ओळी मराठीत, तिनेच लिहिलेल्या. आणि नायक? पोट सुटलेला, मिशा पांढऱ्या, अंगात खाकी कपडे, हातात तलवारीऐवजी दीड हात लांबीचा पाइप पाना. डोक्यावर नाव तरंगत होतं, कमळ्या.

कमळ्या अशी हाक त्याला फक्त त्याची आई मारायची. कमळाकर बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसला. मग वहीत लिहिलं, ‘११:२५. बापाला अजगराशी लढायला पाठवते.’ आणि स्वतःच्या जिवाची जबाबदारी दुसऱ्यावर कशी सोडायची, म्हणून त्याने कमळ्याचा ताबा घेतला.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. एके दिवशी त्याने कमळ्याला नदीकाठी निजवून कॉम्प्युटर बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी चालू केला तर कमळ्या डोंगरमाथ्यावर बसलेला आणि कोंबड्या तीनने वाढलेल्या. कमळाकरने आधी घराचं कुलूप तपासलं. मग शेजारच्या पोपटवर संशय घेतला. पोपट टमटम चालवतो आणि त्याला कॉम्प्युटरचं बटण कुठे असतं हेही माहीत नाही, तरी बिचाऱ्याला चार दिवस खुलासे द्यावे लागले. शेवटी कर्जत बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या मुझम्मिलला विचारलं. तो म्हणाला, “काका, खातं एकच हाय ना? तुमी सेव्ह केलं की ते इंटरनेटवर वर जातं. मग त्याच खात्यावरून दुसरं कोनी, दुसऱ्या गावाला, तितनंच पुढं खेळू शकतं.”

दुसरं कोण, ते कमळाकरला कळलं. त्याने घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. कमळ्याला डोंगरावरून उतरवलं, मगरीशी दोन हात केले, आणि सेव्ह करताना जिथे नाव टाकायची जागा असते तिथे दोन बोटांनी टाइप केलं, ‘पहिली पाळी. ११ ते १. कोंबड्या ३८. मगरीला पाना मारला. सर्व ठीक.’

दुसऱ्या दिवशी यादीत त्याच्यावर एक नवी ओळ होती. ‘दुसरी पाळी. ८ ते ९. कोंबड्या ३९. मगर रडत होती. तिची समजूत घातली. सर्व ठीक.’

ते वाचून कमळाकरला काय वाटलं ते त्याने लिहून ठेवलेलं नाही. त्या दिवसापासून मात्र तो सेफ्टी शूज घालून बसायला लागला. पाळी म्हणजे पाळी.

असं वर्षभर चाललं. दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते. पायरीवरचे रविवार होते तसेच मुके. पण रोज एक ओळ इकडून आणि एक तिकडून, आणि त्यात सगळं यायचं. ‘कोंबड्या ४०. खोकला आहे, लवकर बंद करतो.’ ‘दुसरी पाळी. आडुळसा घ्या, कमळ्यासाठी म्हणते.’ आळीला कोंबड्यांचा आकडा रोज कळायचा, तो कळवणारी विठाबाई. स्क्रीनवर रोज काय लिहून येतं ते ती केर काढता काढता वाचायची आणि गप्प राहायची.

आता ऑटोसेव्हकडे येऊ, कारण कमळाकरचं घोडं तिथेच पेंड खायला बसलं.

गेम आपोआप नोंद करून ठेवतो, ते ऑटोसेव्ह. मुळात तो दारातून आत जाताना, झोपताना, गावाला निघताना करतो. पण नाव असलेल्या चाळीस कोंबड्या एका वेळी दारातून घुसत असताना गेमने नोंद घ्यायची म्हटली की तो गुदमरून बंद पडायचा. म्हणून अपेक्षाने ते सगळं बंद ठेवून एक वेगळा मॉड लावला होता. दर पंधरा मिनिटांनी नोंद, लढाई चालू असेल तर थांबायचं, जागा फक्त पाच. सहावी नोंद आली की पहिली पुसायची. नाव देऊन केलेल्या नोंदींना तो हात लावत नसे. शहाणी व्यवस्था होती. कमळाकरने तिकडे कधी पाहिलंही नव्हतं.

एका मंगळवारी वीज गेली. नेमकं त्याआधी कमळाकरने ठमी नावाची कोंबडी शोधून आणली होती. ठमी अपेक्षाची लाडकी, आठवडाभर हरवलेली. वीज आली, गेम चालू केला, ठमी नाही. शेवटची नोंद चौदा मिनिटं आधीची. कमळाकर संतापून सेटिंग बघायला गेला आणि तिथे त्याने वाचलं की हे यंत्र जुन्या नोंदी पुसतं.

“लॉगबुकाची पानं फाडतं!” तो ओरडला.

विठाबाई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं शॉक बसला.

“अगं, पानं फाडतं हे! पाच ठेवतं नि बाकीची फाडतं. उद्या काय झालं नि इन्स्पेक्टर आला, तर दाखवनार काय?”

“कोंबड्यांचा इन्स्पेक्टर?” विठाबाईने विचारलं आणि परत भाकरीकडे गेली.

कारखान्यात लॉगबुकाचं पान फाडणं म्हणजे नोकरी जाणं. कमळाकरने जागा पाचच्या नऊशे नव्याण्णव केल्या, त्याहून जास्त आकडा बसत नव्हता म्हणून. पंधरा मिनिटांची पाच केली. मग तिसऱ्या दिवशी ठमीला पुन्हा शोधून आणलं आणि समाधानाने लिहिलं, ‘ठमी सापडली. कोंबड्या ४१.’

त्या दिवशीची दुसऱ्या पाळीची ओळ आली नाही.

झालं असेल काही, त्याने मनाशी म्हटलं. चौथ्या दिवशीही आली नाही. पाचव्या दिवशीही नाही. आजारी असेल का? पण संध्याकाळी विठाबाई फोनवर खळखळून हसत होती, म्हणजे पोरगी ठणठणीत. मग काय उरलं? मग एकच उरलं, की तिला कंटाळा आला. मुलगी कंटाळली, बापाच्या एका ओळीला उत्तर द्यायची तिला गरज वाटेना. विठाबाईला नुसतं ‘कशी हाय ती’ एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं, पण दोन वर्षं धरलेली जीभ सोडवायची कशी? तो आतल्या आत झुरायला लागला.

आणि काळजी लागली की बॉयलरवाला काय करतो? रीडिंग वाढवतो. दाब हलायला लागला की तासाचं अर्ध्या तासावर, अर्ध्याचं पाच मिनिटांवर. कमळाकरने ऑटोसेव्ह पाचवरून तीन मिनिटांवर आणलं, मग एका मिनिटावर. दर मिनिटाला गेम क्षणभर थिजायचा, कोंबड्या एक पाय उचलून उभ्या राहायच्या आणि मग पुढे चालायच्या. लढाईतही नोंद चुकू नये म्हणून त्याने ती अटही काढली. अजगर जबडा उघडायचा, थिजायचा, नोंद व्हायची, मग चावायचा. त्याचा परिणाम असा झाला की कमळाकरला विचार करायला भरपूर वेळ मिळाला आणि त्याने अजगराला पान्याने लोळवलं. मुलखातल्या लोकांनी कमळ्याला वाजतगाजत गावाचा सरपंच केला. पोपटने त्या आनंदात पेढे वाटले. कमळाकरने एकही खाल्ला नाही.

या सगळ्या काळात स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लाल खूण लुकलुकत होती. ती कमळाकरला दिसत नव्हती असं नाही. पण कारखान्यात बॉयलरच्या पॅनेलवर एक लाल दिवा नऊ वर्षं विनाकारण लागलेला असायचा. मॅनेजर बदलले, दिवा तसाच. तिथले जाणते लोक अशा दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप लावतात, म्हणजे डोळ्याला त्रास नको. कमळाकरने स्क्रीनच्या कोपऱ्यावर टेपचा एक चौकोनी तुकडा व्यवस्थित चिकटवला होता.

अकराव्या दिवशी त्याच्याने राहवेना. त्याने मुझम्मिलला घरी बोलावलं. बहाणा असा, की गेम हळू चालतो. मुझम्मिल आला, बसला, स्क्रीनकडे बघितलं.

“काका, ही टेप कसली?”

“दिवा हाय. फाल्टी. सोड तू ते.”

मुझम्मिलने नखाने टेप सोलली. खाली लाल त्रिकोण होता. त्यावर क्लिक केल्यावर एक खिडकी उघडली आणि मुझम्मिल ती वाचून खुर्चीत मागे टेकला.

“काका, तुमी काय केलंत! वर ठेवायला जागा मोजकी मिळते. तुमच्या ऑटोसेव्हचा ढीग तीत मावत नाय, नऊशेच्या वर नोंदी हायेत. आठ दिवस झाले, तुमचं कायबी वर गेलेलं नाय. नि वरचं कायबी खाली आलेलं नाय.”

“वरचं म्हंजे?”

“म्हंजे दुसऱ्या बाजूनं लिवलेलं. वर नोंदी हायेत. ताज्या, कालच्यापन.”

कमळाकर उभा होता, तो पलंगावर बसला. ती लिहीत होती. रोज लिहीत होती, आणि तिला त्याची ओळ पोचत नव्हती. जितकी काळजी वाढली तितका त्याने स्वतःच्या हाताने नळ आवळत नेला होता.

“मग आन की खाली!” तो म्हणाला.

“तितंच गोची हाय. आता दोन वाटा झाल्या. तुमचा कमळ्या वेगळा, त्यांचा वेगळा. तो इचारतोय, कुठला ठेवू? या कॉम्प्युटरवरचा का वरचा? एक ठेवला की दुसरा जातो. पन घाबरू नका, तुमचा मी पेनड्राइव्हवर काढून ठेवतो.”

इथे कुठलाही शहाणा माणूस बरं म्हणाला असता. कमळाकर ताडकन उठला.

“एका बॉयलरला दोन लॉगबुकं? मुझम्मिल, त्याला काय म्हनतात ठाऊक हाय का तुला? एक खरं नि एक सायबाला दाखवायचं. तेहतीस वर्सं मी ते केलं नाय. ठेव तो पेनड्राइव्ह खिशात.”

एव्हाना बातमी विहाराच्या पायरीपर्यंत गेली होती आणि पोपटसह चौघेजण दारात येऊन उभे राहिले होते. प्रत्येकाला मत होतं. पोपटचं म्हणणं, हातात आलेलं सरपंचपद कुणी सोडतं का? दत्ता नावाच्या एका निवृत्त तलाठ्याचं म्हणणं, मयत अजगर पुन्हा जिवंत करणं कायद्याने योग्य नाही. एकजण म्हणाला, ठमीचा तरी विचार कर, बिचारी दोनदा हरवून सापडली, तिसऱ्यांदा तिच्या नशिबी हे कशाला? चर्चा रंगली. विठाबाईने सगळ्यांना चहा दिला आणि नवऱ्याकडे बघत भिंतीला टेकून उभी राहिली.

कमळाकर कुणाचंच ऐकत नव्हता. एका बाजूला मेलेला अजगर, सरपंचपद, ठमी आणि त्याच्या स्वतःच्या नऊशे नोंदी. दुसऱ्या बाजूला आठ ओळी, त्यात काय आहे ते माहीत नाही. ‘सर्व ठीक’ असेल, किंवा ‘आता पुरे’ही असेल. कंटाळली असेल तर तेही तिथेच लिहिलेलं असणार.

त्याने मुझम्मिलला उठवलं, स्वतः बसला आणि ‘वरचा ठेवा’वर क्लिक केलं.

“गेलं सरपंचपद,” पोपट हळहळला.

यादी रिकामी झाली, एक चक्र फिरलं, आणि मग ओळी एकेक करून उतरल्या. कमळाकर खालून वर वाचायला लागला.

‘दुसरी पाळी. पहिल्या पाळीची नोंद नाही. कोंबड्या ४०.’

‘नोंद नाही. कोंबड्या ४०. मगर विचारत होती.’

‘नोंद नाही. पहिल्या पाळीला सुट्टी असेल.’

‘नोंद नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, तोंड आहे ना तुला.’

‘नोंद नाही. माझ्या जुन्या ओळी सगळ्या परत वाचल्या. मी काही वावगं लिहिलं का ते बघितलं. सापडलं नाही.’

‘नोंद नाही. आज कुठे गेले नाही. कमळ्याला नदीकाठी बसवून ठेवलं.’

‘नोंद नाही. ठमी मिळाली नाही. माझ्याने एकटीने होत नाही.’

सगळ्यात वरची ओळ कालची होती. त्यात पाळी नव्हती, आकडा नव्हता. नुसतं ‘पप्पा’ एवढंच लिहिलेलं होतं.

कमळाकरने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसत राहिला. दारातल्या मंडळींना काय झालं ते कळलं नाही, पण मुझम्मिलला कळलं असावं, कारण त्याने “चला, चला, मशीनला हवा लागू द्या” असं काहीतरी बोलत सगळ्यांना अंगणात काढलं.

“इठा,” कमळाकर म्हणाला. हा आवाज विठाबाईने फार वर्षांत ऐकला नव्हता. “फोन दे गं तुजा.”

“कोनाला लावताय?”

“दे तर.”

तिने फोन दिला नाही. आधी नंबर लावला आणि मग दिला. पण त्याने तो बाजूला ठेवला, वहीतलं एक कोरं पान घेतलं आणि भराभरा लिहायला लागला. तिकडे फोन वाजत होता, इकडे हा लिहीत होता. हाताशी कागद असल्याशिवाय त्याला कधी धड बोलता आलं नाही.

“आई, मीटिंगमध्ये आहे गं,” फोनमधून आवाज आला. “नंतर करू?”

कमळाकरने फोन कानाला लावला.

“आई नाय. मी हाय.”

पलीकडे कुणीतरी काहीतरी बोलत होतं, ते मागे पडत गेलं. एक दार लागल्याचा आवाज आला. कमळाकरने कागद समोर धरला आणि वाचायला सुरुवात केली, जसा तो कारखान्यात बिघाडाचा रिपोर्ट वाचायचा.

“बिघाडाचा अहवाल. ठिकान, दहिवली. पयल्या पाळीच्या नोंदी आठ दिवस पोचल्या नायत. पाळी हजर व्हती. रोज अकरा ते एक. नोंद रोज केली, ती वर गेली नाय. जागा भरली व्हती. ठमी सापडली व्हती, आता परत हरवली. मगरीला सांगावं की सर्व ठीक.” तो थांबला. खाली एकच रकाना उरला होता.

बिघाडाच्या कागदावर शेवटचा रकाना असतो, कारण. तेहतीस वर्षांत कमळाकरने असे शेकडो कागद भरले होते आणि त्या रकान्यात कधी व्हॉल्व्ह लिहिला, कधी गॅस्केट, कधी ओला कोळसा, एकदा तर उंदीरही लिहिला. बॉयलरवाला तिथे माणसाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की ते नाव कायमचं कागदावर राहतं.

“कारन,” त्याने वाचलं, “मानसाची चूक. मानसाचं नाव, कमळाकर.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग अपेक्षाने विचारलं, “पप्पा, कसली चूक? ऑटोसेव्हची, का दोन वर्षांपूर्वीची?”

कमळाकरने कागदाकडे पाहिलं. तिथे तसं काही लिहिलेलं नव्हतं.

“दोनी,” तो म्हणाला, आणि फोन विठाबाईच्या हातात दिला.